भट्टीवरचा राउटर आणि थापांची वही: फर्मवेअर इम्युलेशनचा एक प्रकरण अभ्यास

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीचा राउटर आमच्याकडे तपासणीला आला, तेव्हा मालकांनी विचारलेला प्रश्न मी त्यांच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला होता: "आमच्या भट्टीचं बटन बाहेरनं कोण दाबंल काय, एवढंच सांगा. बाकीचं मला काय कळत न्हाई." या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना फर्मवेअरच्या (उपकरणात भरलेल्या सॉफ्टवेअरच्या) इम्युलेशनने, म्हणजे ते आपल्या संगणकावर सोंग घेऊन चालवण्याने, आम्हाला कुठे साथ दिली, कुठे साफ चकवले, आणि त्या चकव्यात आमचाच हात किती होता, याची ही नोंद आहे. फौंड्रीचे आणि उपकरणाच्या उत्पादकाचे नाव दिलेले नाही. सगळ्या ग्राहकांकडे सुधारित फर्मवेअर अजून पोचलेले नसल्यामुळे दोषाचा जसाच्या तसा वापर करता येईल इतका तपशीलही मुद्दाम गाळला आहे.

राउटर भट्टीजवळ कसा आला

ऑगस्ट २०१९च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि काही दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये तीच वेळ पुन्हा आली. मालक राहायला राजारामपुरीत, कारखाना पंचगंगेच्या पलीकडे; राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्यावरून ४३ फुटांच्या धोक्याकडे सरकू लागली की पुलापलीकडे आपल्या कारखान्यात काय चालले आहे हे फोनवरून विचारण्याखेरीज त्यांच्या हाती काही उरत नसे. दुसऱ्या पुरानंतर त्यांनी विजेच्या मीटरशेजारी एक औद्योगिक ४जी राउटर बसवून घेतला. त्याला सिमकार्ड, वाय-फाय, दोन-तीन नेटवर्कची तोंडे आणि आरएस-४८५ या दोन तारांच्या जोडणीसाठी एक टर्मिनल आहे. मीटरमधले आकडे मॉडबस या भाषेत त्या तारांवरून येतात आणि राउटर ते मालकांच्या मोबाइलपर्यंत पोचवतो. इंडक्शन (विजेने धातू वितळवणारी) भट्टी असलेल्या कारखान्यात ही चैन नसते, कारण कमाल मागणी, म्हणजे एका वेळी ओढलेली सर्वाधिक वीज, कराराच्या वर गेली की तिचा फटका थेट वीजबिलात दिसतो.

पुढे एका ग्राहक कंपनीच्या लेखापरीक्षकांनी पुरवठादारांना जी प्रश्नावली धाडली, तिच्यात "कारखान्यातील इंटरनेटशी जोडलेल्या उपकरणांची सुरक्षा तपासणी केली आहे काय" असा एक रकाना होता, आणि त्या रकान्यामुळे हे प्रकरण शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या तीन माणसांच्या कार्यशाळेत आले.

काम सुरू करण्यापूर्वी मालकांकडून लेटरहेडवर लेखी परवानगी घेतली. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणक यंत्रणेच्या मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीविना केलेल्या गोष्टींची यादी आहे आणि कलम ६६ नुसार त्याच गोष्टी अप्रामाणिकपणे केल्यास तो गुन्हा होतो. ओळखीच्या माणसाचे काम असले तरी हा कागद आम्ही सोडत नाही. शिवाय मालकांना त्याच मॉडेलचा दुसरा राउटर विकत घ्यायला लावला. चालू भट्टीवरच्या एकुलत्या एक उपकरणावर प्रयोग करण्याची आमची छाती नव्हती, आणि आज मागे वळून पाहता त्या दुसऱ्या राउटरवरचा खर्च हा या प्रकरणातला सर्वांत सत्कारणी लागलेला पैसा होता.

चिपमधून फाइल काढणे

उत्पादकाच्या संकेतस्थळावर फर्मवेअरची फाइल मिळत होती, पण बिनवॉक या फर्मवेअर उलगडणाऱ्या साधनाने तिच्यात एकही ओळखीची खूण सापडेना आणि एन्ट्रॉपीचा (डेटातल्या विस्कळीतपणाचा) आलेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत माथ्याला चिकटून सपाट. फाइल कूटबद्ध असल्याचे हे लक्षण होते. मग डबी उघडली. आत मीडियाटेकचा एमटी७६२८ प्रोसेसर आणि त्याच्या बाजूला विनबॉन्डची १६ एमबीची आठ पायांची फ्लॅश चिप होती.

ही चिप वाचायला बहुतेक जण सीएच३४१ए हा स्वस्त प्रोग्रॅमर वापरतात. त्याच्या काळ्या बोर्डाच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळते, मात्र डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, म्हणून आम्ही तो आधीच बदलून घेतला होता. तरीही बोर्डावर चिमटा लावून केलेल्या तीन वाचनांचे तीन वेगवेगळे हॅश (फाइलचे ठसे) आले. चिमट्यातून चिपला दिलेली वीज त्याच वाटेने प्रोसेसरलाही जागे करते, आणि तोही त्याच फ्लॅशशी बोलू लागतो. दोघांच्या बोलण्यात शब्द कुणाचेच धड ऐकू येत नाहीत. शेवटी हॉट एअरने चिप उचलली, बाहेर तीनदा वाचली, तिन्ही वेळा एसएचए-२५६ हॅश जुळला, आणि चिप परत जागेवर बसवून राउटर चालू होतो याची खात्री केली. सिरीयल कन्सोलवर, म्हणजे तारेने राउटरशी थेट बोलण्याच्या पडद्यावर, आधी नुसती अगम्य चिन्हे दिसत होती. वेग ११५२०० वरून ५७६०० वर आणल्यावर अक्षरे लागली. मीडियाटेकने विकत घेतलेल्या रॅलिंक घराण्याच्या या चिपांची ती जुनी सवय आहे.

फ्लॅशची मांडणी या घराण्यात ठरलेली असते आणि ती इथेही तशीच निघाली. पहिले १९२ केबी बूटलोडरचे (यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचे), त्यापुढचे ६४ केबी सेटिंगचे, पुढचे ६४ केबी कारखान्यात भरलेल्या रेडिओच्या मोजमापांचे, आणि ३२० केबीपासून कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा. २७ ०५ १९ ५६ या चार बाइटांनी कर्नलचा मथळा ओळखू आला आणि त्याच्यामागे 'एचएसक्यूएस' या अक्षरांनी सुरू होणारी स्क्वॉशएफएस फाइल सिस्टीम सापडली. ती उलगडल्यावर आतला संसार समोर आला: लिनक्स ३.१० घराण्याचा कर्नल, बिझीबॉक्स (लिनक्सच्या नेहमीच्या आज्ञांचा संच), लिटल-एन्डियन मिप्स या जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलेले वीस-एक प्रोग्रॅम, एक वेब सर्व्हर. यातला १९२ केबीनंतरचा सेटिंगचा तुकडा आम्ही तेव्हा बाजूला ठेवून दिला, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

इम्युलेशन आणि पहिल्या थापा

इम्युलेशन म्हणजे एका प्रोसेसरसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोसेसरवर, पहिल्याचे सोंग घेऊन चालवणे. फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला क्यूएमू हे सोंग उत्तम वठवतो: मिप्सच्या सूचना तो चालता चालता आपल्या लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या सूचनांत उतरवतो. यूजर मोडमध्ये तो एकच प्रोग्रॅम चालवतो आणि त्याच्या कर्नलकडच्या मागण्या आपल्या संगणकाच्या कर्नलकडे पोचवतो. सिस्टीम मोडमध्ये तो अख्खे यंत्रच उभे करतो. प्रोसेसरची नक्कल हा यातला सोपा भाग आहे. प्रोसेसरच्या भोवती जे असते, म्हणजे फ्लॅश, दिवे, रीसेटचे बटण, वाय-फायचा रेडिओ, मोडेम, यांपैकी काहीच तिथे नसते, आणि राउटरमधला प्रोग्रॅम तर पहिल्याच क्षणी त्यांचा हालहवाल विचारतो.

आमचा वेब सर्व्हर यूजर मोडमध्ये दोन सेकंदही टिकला नाही. क्यूएमूची सिस्टीम कॉल, म्हणजे कर्नलकडच्या त्या मागण्या, नोंदवण्याची सोय चालू केल्यावर शेवटच्या चार ओळींत कारण दिसले: प्रोग्रॅमने एनव्हीरॅमची, म्हणजे सेटिंग साठवणाऱ्या उपकरणाची, फाइल उघडायला मागितली, "अशी फाइल नाही" असे उत्तर आले, ते न तपासताच त्याने राउटरचा स्थानिक आयपी पत्ता वाचायला घेतला, आणि रिकाम्या पॉइंटरवर (मेमरीतल्या पत्त्यावर) तुलना करायला जाऊन कोसळला.

यावरचा नेहमीचा इलाज म्हणजे एनव्हीरॅमच्या फंक्शनांची खोटी लायब्ररी लिहून ती खऱ्या लायब्ररीच्या आधी लोड करायची. प्रोग्रॅमने सेटिंग विचारली की लायब्ररीने आपल्या पदरचे उत्तर द्यायचे. आम्ही तशी लायब्ररी केली, रूट फाइल सिस्टीममध्ये सापडलेल्या मूळ सेटिंगच्या फाइलमधून तिच्यात किमती भरल्या, आणि जी सेटिंग त्या फाइलमध्ये नसेल तिच्यासाठी रिकामी अक्षरमाला परत द्यायची असे ठरवले, म्हणजे निदान प्रोग्रॅम कोसळणार नाही.

माझ्या सहकारिणीने त्या दिवशी वहीच्या मागच्या बाजूने एक नवे पान उघडले आणि त्याला "थापा" असे नाव दिले. फर्मवेअरला जगवण्यासाठी आपण त्याला जी जी खोटी गोष्ट सांगू ती क्रमांक घालून तिथे लिहायची, असा तिचा आग्रह. पहिली थाप एनव्हीरॅमची. दुसरी, 'बीआर०' नावाचा नेटवर्क पूल आहे अशी, कारण वेब सर्व्हर त्या नावाचाच पत्ता शोधत होता. तिसरी, दिवे आणि बटणे सांभाळणाऱ्या ड्रायव्हरची: काहीही विचारले तरी "ठीक आहे" म्हणणारी एक पोकळ फाइल. पुढे यूजर मोड अपुरा पडू लागला तेव्हा आम्ही सिस्टीम मोडमध्ये गेलो, आणि तिथली थाप सर्वांत मोठी होती. उत्पादकाचा कर्नल एमटी७६२८ साठीच बांधलेला असल्यामुळे तो क्यूएमूमध्ये उभाच राहत नाही. त्याच्या जागी क्यूएमूला ठाऊक असलेल्या माल्टा या मिप्स बोर्डासाठीचा कर्नल घेतला आणि त्यावर राउटरची फाइल सिस्टीम चढवली. अंगरखा उत्पादकाचा, हाडे दुसऱ्याची.

या मार्गाने आम्ही पहिलेच जात होतो असे नाही. फर्मवेअर आपोआप इम्युलेट करणाऱ्या २०१६ मधल्या फर्माडाइन प्रकल्पात ४२ उत्पादकांच्या २३,०३५ फर्मवेअर फाइली गोळा केल्या होत्या आणि त्यांतल्या ९,४८६ उलगडता आल्या. २०२० मध्ये फर्मएई हा प्रकल्प त्याच्या पायावर उभा राहिला, आणि १,१२४ फर्मवेअरवरच्या तुलनेत इम्युलेशन यशस्वी होण्याचे प्रमाण १६.२८ टक्क्यांवरून ७९.३६ टक्क्यांवर गेले. एवढी मोठी उडी हार्डवेअरची अधिक काटेकोर नक्कल करून मारलेली नाही. वेब सर्व्हर उभा राहून नेटवर्कवर उत्तर देऊ लागला की पुरे, असे उद्दिष्ट धरून, वाटेत अडणाऱ्या जागी मोजक्या क्लृप्त्या केल्याने ती साधली. म्हणजे आमच्या शब्दांत थापाच, पण मापून मारलेल्या. आमच्या राउटरवर हे तयार साधन मात्र चालले नाही, कारण सुरुवातीची स्क्रिप्ट वाय-फायच्या ड्रायव्हरची वाट पाहत जागच्या जागी बसून राहिली. तिच्यातला तो भाग हाताने काढावा लागला आणि ती झाली पाचवी थाप.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्राउझरमध्ये राउटरचे लॉगिनचे पान उमटले.

जो दोष नव्हताच

आणि पाच मिनिटांत आम्ही आत होतो. पासवर्डचा रकाना कोरा ठेवून बटण दाबले की राउटर बिनबोभाट प्रशासकाचे पान दाखवत होता. अशा क्षणी जे होते तेच झाले: चहा मागवला गेला, मी उत्पादकाला पाठवायच्या पत्राचा दोन पानी मसुदाही लिहायला घेतला, आणि मालकांना फोन करून "मोठं काहीतरी सापडलंय" असे सांगण्याची चूकही माझ्याच हातून झाली.

मसुदा पाठवण्याआधी तीच कृती टेबलावरच्या खऱ्या राउटरवर करून पाहिली. राउटरने "पासवर्ड चुकीचा आहे" असे शांतपणे सांगितले. पुन्हा केली, सेटिंग कारखान्यातल्या मूळ स्थितीला आणून केली, तरी तेच उत्तर.

पुढची सकाळ गिड्रामध्ये (यंत्रभाषेतला प्रोग्रॅम वाचता येण्याजोगा करणाऱ्या साधनात) लॉगिनचे फंक्शन वाचण्यात गेली. कोड सरळ होता. राउटरचा पासवर्ड एनव्हीरॅममधल्या एका किमतीशी ताडून पाहिला जात होता, आणि ती किंमत रिकामी असेल तर "राउटर अजून कारखान्यातच आहे, पासवर्ड भरायचा आहे" असे समजून दार उघडले जात होते. प्रत्येक राउटर कारखान्यातून निघताना त्याचा स्वतंत्र पासवर्ड फ्लॅशमधल्या सेटिंगच्या तुकड्यात लिहिला जातो. तो रूट फाइल सिस्टीममधल्या मूळ फाइलमध्ये असण्याचे कारणच नाही. मूळ स्थितीला आणतानाही ती एक किंमत पुसली जात नाही. आमच्या लायब्ररीने, न सापडलेल्या प्रत्येक सेटिंगप्रमाणे, याही सेटिंगला रिकामी अक्षरमाला दिली होती. दार राउटरने उघडलेच नव्हते; थाप क्रमांक एकने ते उघडले होते.

खरी किंमत कुठे होती, तर आम्ही पहिल्याच दिवशी चिपमधून काढून बाजूला ठेवलेल्या त्या ६४ केबींत. सुरुवातीला चार बाइटांची बेरीज-पडताळणी आणि पुढे "नाव=किंमत" अशा जोड्या, एकामागोमाग एक, साध्या मजकुरात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आजीच्या तोंडी ऐकली होती. तिचा इतका शब्दशः प्रत्यय यापूर्वी आला नव्हता. त्या जोड्या लायब्ररीत भरल्या आणि इम्युलेशनमधला राउटरही कोऱ्या पासवर्डला नकार देऊ लागला. वहीतल्या पहिल्या नोंदीसमोर लाल शाईने "खऱ्या किमती भरल्या, न सापडलेली सेटिंग यापुढे रिकामी न देता नोंदवून थांबायचे" असा शेरा पडला. मालकांना फोन करून आधीचे वाक्य मागे घेणे हे माझ्याकडे आले.

मला स्वतःला यात उत्पादकाचाही थोडा दोष वाटतो, कारण किंमत रिकामी असताना दार उघडे ठेवणारी रचना चांगली नव्हे. सेटिंगचा तुकडा कधी खराब झाला तर काय होईल हा प्रश्न तिथे उरतोच. अहवालात तो "रचनेतील कमकुवतपणा" म्हणून गेला. पण लॉगिनच चुकवता येते असा दावा करण्याला तो आधार नव्हता.

जो दोष दिसतच नव्हता

या फजितीनंतर आम्ही पद्धत बदलली. इम्युलेशनमध्ये काय दिसते हे पाहण्याआधी काय दिसत नाही ते पाहायचे ठरले. खऱ्या राउटरच्या सिरीयल कन्सोलवर पासवर्ड न विचारताच रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मिळत होते, त्यामुळे तिथे चालू असलेल्या प्रक्रियांची आणि उघड्या पोर्टांची (नेटवर्कवरून आत येण्याच्या दारांची) यादी काढून ती इम्युलेशनमधल्या यादीशेजारी ठेवली. खऱ्या राउटरवर २७ प्रक्रिया, आमच्याकडे १९. आठांपैकी सहा वाय-फाय आणि रेडिओच्या, त्यांचा इथे संबंध नव्हता. सातवी मोडेमची. आठवी एका यूडीपी पोर्टवर ऐकत बसलेली, आणि तिचे नाव आम्ही तोवर कुठेच पाहिले नव्हते.

ती होती उपकरण शोधण्याची सेवा. बसवणाऱ्या तंत्रज्ञाला आपल्या लॅपटॉपवरून नेटवर्कमधले सगळे राउटर एका यादीत दिसावेत आणि त्यांना "भट्टी १", "मीटर खोली" अशी नावे देता यावीत, एवढे तिचे काम. इम्युलेशनमध्ये ती सुरू होत होती आणि निमूटपणे मरत होती, कारण यादीत दाखवायला तिला सिग्नलची ताकद हवी असे आणि त्यासाठी ती आधी मोडेमशी बोलायला जाई.

म्हणून मोडेमची थाप मारावी लागली, आणि सगळ्या थापांमध्ये तिच्यावरच माझा जीव आहे. सॉकॅट हे साधन वापरून सिरीयल पोर्टची एक खोटी जोडी केली, तिचे एक टोक राउटरला मोडेमच्या नावाने दिले, आणि दुसऱ्या टोकाला चाळीस ओळींची पायथन स्क्रिप्ट बसवली. मोडेमची भाषा १९८१च्या हेज मोडेमपासून चालत आली आहे. राउटर म्हणतो "एटी", म्हणजे लक्ष दे. स्क्रिप्ट म्हणते "ओके". राउटर सिमचा पिन विचारतो. स्क्रिप्ट म्हणते "रेडी". राउटर सिग्नल विचारतो. स्क्रिप्ट म्हणते "१८,९९", म्हणजे उणे ७७ डीबीएमचा बऱ्यापैकी सिग्नल, आणि चुकांचे प्रमाण ठाऊक नाही. ही उत्तरे मनाने रचलेली नव्हती. पहिल्या फजितीतून शहाणे होऊन आम्ही ती खऱ्या राउटरच्या मोडेमवरून टिपून घेतली होती. तिसऱ्या उत्तरानंतर ती सेवा पहिल्यांदा जिवंत राहिली आणि पोर्ट उघडून ऐकत बसली.

आता तिला क्यूएमूच्या डीबगरमधून एक एक पाऊल चालवता येत होते. येणाऱ्या निरोपात राउटरचे नवे नाव असेल तर ती ते नाव एका तयार वाक्यात चिकटवून ते वाक्य जसेच्या तसे शेलच्या (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हवाली करत होती, तेही रूटच्या अधिकाराने आणि पासवर्ड न विचारता. नावाच्या जागी नावासोबत एखादी आज्ञा लिहिली तर शेलला त्यात फरक करता येत नाही. आम्ही पाठवलेली आज्ञा तात्पुरत्या फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल निर्माण करण्याची होती, आणि ती फाइल निर्माण झाली.

या वेळी चहा मागवला नाही. थेट टेबलावरचा राउटर घेतला, तोच निरोप पाठवला, आणि कन्सोलवर फोल्डर पाहिला. फाइल तिथेही होती.

फझिंग, म्हणजे वेड्यावाकड्या निरोपांचा मारा करून दोष शोधणे, आम्ही केलेच नाही. मालकांच्या प्रश्नाला त्याची गरज नव्हती आणि अशा कामात सापडेल तेवढे शोधत बसण्याचा मोह आवरावा लागतो.

"बाहेरनं" म्हणजे कुठून

दोष खरा ठरला. पण तो कुणाच्या हाती लागू शकतो? इम्युलेशनमध्ये ते पोर्ट सगळीकडून उघडे दिसत होते, कारण माल्टाच्या कर्नलमध्ये फायरवॉलचे मॉड्यूलच नव्हते (थाप क्रमांक नऊ). खऱ्या राउटरवर इंटरनेटच्या बाजूच्या तोंडाला लॅपटॉप जोडून पाहिले तर निरोप आत जात नव्हता. सिमच्या बाजूला मोबाइल कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सामाईक पत्त्यामागे ठेवते, त्यामुळे बाहेरून थेट पोचता येत नाही. पण त्या योगायोगावर न विसंबता कन्सोलवर फायरवॉलचे नियम वाचले, आणि त्या बाजूनेही पोर्ट बंद असल्याची खात्री केली. उघडे होते ते आतल्या नेटवर्ककडून आणि वाय-फायकडून.

मालकांच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे देऊन इथेच मोकळे होता आले असते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शिरोलीला जाऊन प्रत्यक्ष तारा पाहिल्या नसत्या तर आम्ही तसे केलेही असते.

कारखान्याच्या फाटकाशेजारी, ओतकामे भरून नेणाऱ्या ट्रकचे चालक जिथे बसतात त्या ओट्यामागच्या भिंतीवर, वाय-फायचा पासवर्ड खडूने लिहिलेला होता. चालकांना तासन्‌तास थांबावे लागते, म्हणून मालकांनीच चांगुलपणाने ती सोय केली होती. ते वाय-फाय याच राउटरचे होते.

दुसरी गोष्ट वायरमन मामांनी दाखवली. मामा तिथे पंचवीस वर्षे आहेत आणि पॅनेलच्या मागची प्रत्येक तार त्यांना तोंडपाठ आहे. राउटरकडून मीटरकडे जाणारी आरएस-४८५ची जोडी मीटरपाशी संपत नव्हती. ती पुढे भट्टीच्या पॅनेलमध्ये शिरत होती. भट्टीची वापरलेली वीजही मोबाइलवर दिसावी म्हणून वर्षभरापूर्वी ती वाढवली होती, असे मामांनी सांगितले. पॅनेलच्या पुस्तिकेत पाहिले: खटका "रिमोट"वर असेल तर भट्टीच्या शक्तीची पातळी मॉडबसवरून लिहूनही बदलता येते. खटका "रिमोट"वरच होता. "त्यो खटका बसवायला आलेल्या पोरानं ठेवला तसाच हाय," मामा म्हणाले.

मॉडबस ही १९७९ मध्ये मॉडिकॉनने काढलेली भाषा आहे आणि तिच्या मूळ रूपात आज्ञा देणारा कोण हे विचारण्याची सोयच नाही. वाचण्याची आज्ञा तीन क्रमांकाची, एक रजिस्टर (यंत्रातला आकड्याचा कप्पा) लिहिण्याची सहा क्रमांकाची. समोरचे यंत्र दोन्ही सारख्याच विश्वासाने पाळते. राउटरमधला दुवा साधणारा प्रोग्रॅम सहा क्रमांकाची आज्ञा अडवतो का, हे तपासायला इम्युलेशन पुन्हा उपयोगी पडले. चालू भट्टीवर लिहून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. कार्यशाळेत त्या प्रोग्रॅमच्या सिरीयल तोंडाला मॉडबस यंत्राचे सोंग घेणारी स्क्रिप्ट जोडली आणि आज्ञा पाठवली. ती न अडता पार झाली. इथे थाप बिनधोक होती, कारण आम्हाला उत्तर पॅनेलकडून नको होते. राउटर काय पुढे ढकलतो एवढेच पाहायचे होते.

म्हणजे वाट अशी होती: ओट्यावरचा मोबाइल, खडूने लिहिलेला पासवर्ड, नाव बदलण्याचा निरोप, राउटरवर पूर्ण ताबा, दोन तारा, पॅनेल. मालकांसमोर हे मांडताना आम्ही घाबरवण्याचे टाळले. थंड करणारे पाणी कमी झाले किंवा गळती करंट वाढला तर भट्टी बंद करणारे संरक्षण स्वतंत्र तारांवर आहे आणि मॉडबसवरून ते बदलता येत नाही, हे पुस्तिकेतून आणि मामांकडून आधीच पक्के करून घेतले होते. धोका वेगळा होता: धातू वितळत असताना कुणी शक्ती शून्यावर आणली आणि ते वेळेत लक्षात आले नाही, तर धातू भट्टीतच गोठतो आणि अस्तर वाया जाते, उलट दिशेने केले तर कमाल मागणीचा दंड बसतो. मालकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे बाहेरनं न्हाई, पण दारातनं दाबता येतंय."

केलेले उपाय

त्याच दुपारी मामांनी खटका "लोकल"वर आणला आणि पॅनेलकडे जाणारी जोडी सोडवून टोकांना टेप गुंडाळला. भट्टीची वीज आता वेगळ्या मीटरवरून मोजली जाते, ज्यावर लिहिण्यासारखे काही नाही. चालकांची सोय काढून घेतली नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या जोडणीचे साधे वाय-फाय बसवले आणि राउटरचे वाय-फाय बंद केले. उत्पादकाच्या दुरुस्तीची वाट न पाहता धोका इतका खाली आला, आणि त्यासाठी लागलेला खर्च दुसऱ्या राउटरच्या किमतीहून कमी होता.

उत्पादकाला अहवाल पाठवला, त्याची प्रत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेलाही दिली. अहवालासोबत थापांच्या वहीतील चौदा नोंदी जशाच्या तशा जोडल्या, प्रत्येकीपुढे "निष्कर्षावर परिणाम होतो किंवा नाही" असा रकाना घालून. पहिल्या उत्तराला तीन आठवडे लागले, पण ते उत्तर समंजस होते. त्यांच्या अभियंत्याने वहीतल्याच क्रमाने आमचे इम्युलेशन आपल्याकडे उभे केले आणि दोष दोन दिवसांत मान्य केला.

सुधारित फर्मवेअर आल्यावर ते टेबलावरच्या राउटरवर चढवले, फ्लॅश पुन्हा वाचली आणि जुन्या चौदा थापांवर नवी आवृत्ती उभी करायला घेतली. शोधण्याची सेवा पुन्हा निमूटपणे मेली. नवी आवृत्ती मोडेमला एक जास्तीची आज्ञा देत होती आणि आमची स्क्रिप्ट तिच्यावर गप्प होती. खऱ्या मोडेमचे त्या आज्ञेला मिळालेले उत्तर टिपून पंधरावी नोंद केली. त्यानंतर सेवा चालली, आणि नावात अक्षरे, अंक व आडवी रेघ यांखेरीज काहीही आले की ती निरोप टाकून देते, हे इम्युलेशनमध्ये आणि टेबलावरच्या राउटरवर अशा दोन्ही ठिकाणी दिसले. वाक्य शेलकडे सोपवण्याची जुनी पद्धत मात्र तशीच ठेवलेली आहे आणि त्याबद्दलचे दुसरे पत्र उत्पादकाकडे गेले आहे. भट्टीवरच्या राउटरवर नवी आवृत्ती येत्या साप्ताहिक सुट्टीला चढवायची आहे. "वितळ चालू असताना डबीला हात लावायचा न्हाई," असे मामांनी आधीच बजावले आहे.